दोन हिरवे कॅन

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आकाराम मिस्त्रीचं गॅरेज होतं, आणि गॅरेजपेक्षा त्याच्या नाकाचं नाव मोठं होतं. कुणाची गाडी धूर ओकायला लागली की मालक बाटलीत थोडं पेट्रोल काढून घेऊन यायचा. आकाराम बूच काढायचा, बाटली नाकापासून वीतभर लांब धरायचा, एकदाच श्वास ओढायचा आणि सांगायचा, "रॉकेल हाय ह्यात. पंप बदला." गाडी दारात येऊन उभी राहिली की क्लच जळालाय की ब्रेक तापलेत, हे तो बॉनेट उघडायच्या आधी बोलून मोकळा व्हायचा. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे ते ह्या नाकापायी.

यज्ञेश्वर सरही असेच आले होते, तीस वर्षांपूर्वी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस सरकारी लिलावातली एक मोडकी डिझेल जीप ओढत घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, ही मला डोंगरात न्यायचीय." आकारामला हसू आलं होतं. पण सहा महिन्यांनी ती जीप खरंच डोंगरात गेली, आणि शेजारच्या सीटवर आकाराम होता. त्यानंतर हिवाळा आला की दोघांचं ठरलेलं. कधी आंब्याकडं, कधी गगनबावड्याकडं, कधी बिद्रीवरून पुढं गारगोटी, पाटगाव आणि वरचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळ पठारं. जिथं रस्ता संपतो तिथून सरांची सहल सुरू व्हायची.

पुढं कॉलेजातले जुने विद्यार्थी आपापल्या गाड्या घेऊन यायला लागले, तसे सर त्यांचेही सर झाले. पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत तर ते फार कडक. जादाचं इंधन लोखंडी कॅनमध्येच, खाद्यतेलाच्या प्लास्टिकच्या डब्यात नाही. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, उन्हानं आत फुगतं. ओतताना कॅन आधी जमिनीवर टेकवायचा, झाकण हळू सोडायचं, आतली वाफ जाऊ द्यायची, गाडी बंद, आसपास कुणाच्या तोंडात बिडी नको. आकाराम पूर्वी एका गाडीतलं डिझेल दुसऱ्या गाडीत घ्यायला नळी तोंडानं ओढायचा. सरांनी एकदा बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी हातपंप आणून त्याच्या हातात ठेवला. "फुप्फुसात गेलं तर मी वहिनींना काय सांगू?" म्हणाले. पेट्रोलच्या कॅनला तांबडा पट्टा आणि डिझेलच्या कॅनला पिवळा, हाही नियम त्यांचाच. ते स्वतः ब्रश घेऊन पट्टे मारायचे. तरी ओतायच्या आधी आकारामनं एकदा हुंगायचंच. "रंग खोटं बोलेल," सर म्हणायचे, "आकाराम नाही बोलायचा."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आकाराम आणि त्याची बायको आक्काताई दोघंही आजारी पडले. दोघंही उठले, पण दोघांचा वास गेला. आक्काताईला चार आठवड्यांनी भाजलेल्या मिरचीचा वास कळायला लागला. आकारामला कळेना. महिना गेला, वर्ष गेलं. एकदा चुलीवर आमटी करपून काळी झाली आणि हा शेजारी पेपर वाचत बसलेला. आक्काताईनं पातेलं खाली उतरवलं आणि त्याच्याकडं बघतच राहिली.

"तुमाला वासच येत न्हाय व्हय अजून?"

"ह्यो विषय हितंच संपला," आकाराम म्हणाला. "कुणाला बोललीस तर बघ."

कुणाला कळलंही नाही. तो बाटली पूर्वीसारखीच हातात घ्यायचा, पूर्वीसारखाच श्वास ओढायचा, आणि मग आत जाऊन थेंब कागदावर टाकायचा. पेट्रोल उडून जातं, रॉकेलचा डाग राहतो. बोटांवर चोळून बघायचा. गाड्यांचा आवाज नीट ऐकायचा. चाळीस वर्षांचा हात होता, त्यामुळं निभत गेलं. सरांना सांगावं असं मात्र त्याच्या कितीदा मनात आलं. पण सर कुणाशीही ओळख करून देताना आधी त्याच्या नाकाचं सांगायचे, आणि आकारामची जीभ जागच्या जागी राहायची.

गेल्या जानेवारीत तिघं पाटगावच्या वरच्या सड्यावर गेले. सर आणि आकाराम जीपमध्ये, आणि मागून पेट्रोलवर चालणारी जिप्सी घेऊन ऋतुराज. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता तिशीचा, हार्डवेअरचं दुकान चालवणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरातल्या एका अरुंद नाळीतून वर चढताना जिप्सीचा मागचा एक्सेल तुटला. जीपनं तिला ओढत ओढत, पहिल्या गिअरमध्ये इंजिन कण्हत, पिराजी धनगराच्या वाड्यापर्यंत आणायला अंधार पडला. ठरलं असं, की सकाळी तिघांनी जीपनं खाली जायचं, कोल्हापुरातून एक्सेल आणायचा आणि परत यायचं.

"पेट्रोलचा कॅन हितं गाडीत नगं ठेवाय," आकाराम म्हणाला. "दिवसभर उन्हात तापंल. आपल्याबरोबर घेऊ."

त्यानं स्वतः जिप्सीतला कॅन उचलला आणि जीपमध्ये डिझेलच्या कॅनशेजारी दोरीनं आवळून ठेवला. ऋतुराजचा कॅन नवाकोरा होता, हिरवा, त्याला अजून पट्टा मारलेला नव्हता. सरांच्या जुन्या, तशाच हिरव्या कॅनवरचा पिवळा पट्टा गेल्या दोन पावसाळ्यांत जवळजवळ निघून गेला होता. तेव्हा ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

सकाळी उजाडताना सर पिराजीच्या अंगणात चहाचा कप घेऊन बसले होते. कप त्यांनी खाली ठेवला तो आडवाच झाला. आकाराम गाडी पुसत होता. त्यानं वळून बघितलं तर सरांच्या कपाळावरून घाम निथळत होता, जानेवारीच्या त्या थंडीत, आणि उजव्या हातानं त्यांनी डावा दंड धरला होता.

"आकाराम," ते अगदी सावकाश म्हणाले, "निघायला पाहिजे."

पिराजीनं घोंगडं आणून जीपच्या मागच्या भागात पसरलं. ऋतुराजनं सरांना उचलून आत निजवलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मोबाईलला रेंज नव्हतीच. आकारामनं चावी फिरवली आणि डिझेलचा काटा बघितला. काटा खाली टेकला होता. काल जिप्सी ओढण्यात टाकी संपली होती. रात्रीच भरून ठेवायला हवी होती, पण सगळेच दमून झोपले होते.

वारं भन्नाट सुटलं होतं. नुकतं कुठं फटफटत होतं. आकारामनं पहिला हाताला लागला तो कॅन खाली घेतला, जमिनीवर टेकवला, झाकण सोडलं.

"काका, डिझेलचाच हाय न्हवं त्यो?" ऋतुराज आतून ओरडला.

आकाराम कॅनच्या तोंडावर वाकला. सवयच ती. त्यानं नेहमीसारखा श्वास ओढला. आत गार वारं गेलं, बाकी काही नाही.

"व्हय," तो म्हणाला.

नरसाळ्यातून धार टाकीत जात होती तेव्हा थोडं त्याच्या बोटांवर सांडलं. बोटं एकदम गार पडली. डिझेल असं गार पडत नाही, चिकटून राहतं. हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बोटं विजारीला पुसली आणि मनाशी म्हणाला, वारं हाय. दुसरा कॅन उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मागं सर कण्हत होते.

तीनेक किलोमीटर जीप बरी चालली. सडा संपून जंगलातला उतार लागला आणि इंजिन हातोडी मारल्यासारखं ठोकायला लागलं. त्या पहिल्या ठोक्यालाच आकारामला सगळं कळलं. त्यानं अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. एका वळणावर जीप दोन हिसके देऊन बंद पडली. पुढं चढ होता, ढकलूनही जाणार नव्हती.

"काय झालं ओ?" ऋतुराजचा आवाज चिरकला.

"एअर धरलीया डिझेलच्या लायनीत, हवा अडकलीया," आकाराम म्हणाला. खोटं त्याच्या तोंडातून आपोआप आलं. "काढतो मी. तू त्या टेपाडावर जा. रेंज मिळती का बघ, एकशेआठला फोन लाव. पळ."

ऋतुराजनं सरांचं डोकं हळूच घोंगड्यावर ठेवलं आणि काट्याकुट्यातून वर पळाला.

आकाराम चहाचं पातेलं घेऊन जीपखाली शिरला. टाकीचा खालचा नट सोडला. पातेल्यात धार पडायला लागली. त्याला काहीच वास येत नव्हता, पण हाताला लागणारी गारवट धार आता लपत नव्हती. पातेलं भरलं तसं तो बाहेर आला आणि तिथंच कडेला ओतायला वाकला.

"आकाराम."

सरांनी मान किंचित वळवली होती. ओठ निळसर पडले होते, पण नजर जागी होती.

"तिथं नको. लांब नेऊन ओत. इंजिन तापलंय."

आकाराम पातेलं हातात घेऊन तसाच उभा राहिला. डिझेल असतं तर सरांनी असं म्हटलं नसतं. साध्या कॉलेजच्या पोरालाही कळलं असतं, आणि हे तर सर होते. आतापर्यंत सगळी जीप पेट्रोलच्या वासानं भरून गेली असणार. ती भरली होती, हे ज्याला कळत नव्हतं असा तिथं एकटा तोच होता.

"सर," तो म्हणाला, "सर, माजं नाक... कोरोनापासनं..."

"नंतर," सर म्हणाले. मध्ये त्यांना दम घ्यावा लागला. "घाई करू नको. घाईनं नट पडला तर शोधत बसशील."

पातेली लांब नेऊन ओतता ओतता त्याचे गुडघे सोलून निघाले. टाकी रिकामी केली, नट बसवला, दुसरा कॅन ओतला, फिल्टर सोडून लायनीतलं उरलंसुरलं काढलं आणि हातानं पंप मारायला लागला. मधूनच सर घरचं, बायकोचं, मुलीचं काहीतरी बोलत होते. कालिंदीला फोन लागला तर सांग, जेवायला थांबू नको म्हणावं. सईची परीक्षा आहे, तिला लगेच नका कळवू. एकदा म्हणाले, "तुझ्या गावचा, गडमुडशिंगीचा हुरडा राहिलाच की रे यंदा." आकाराम नुसता "व्हय सर, व्हय सर" करत होता आणि पंप मारत होता.

ऋतुराज घामाघूम होऊन परत आला, तोवर वाऱ्यानं वास नेला असावा. फोन लागला होता. ॲम्ब्युलन्स खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती.

"अजून किती ओ काका? झालंय काय नेमकं?"

आकारामनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी सरच बोलले.

"एअर धरलीय," ते म्हणाले. "काढतोय तो. ओरडू नको त्याच्यावर."

पाऊण तासानं इंजिन सुरू झालं. आकारामनं ती जीप त्या उतारावरून कशी खाली आणली ते त्याचं त्याला सांगता येत नाही. मागून ऋतुराज सारखा म्हणत होता, "चला काका. चला, चला. येतोय रस्ता." डांबरीवर ॲम्ब्युलन्स उभी होती. आकारामनं ब्रेक दाबला, उतरून मागं धावला आणि ऋतुराजचं तोंड बघितलं.

सर वाटेतल्या ओढ्यापाशीच गेले होते. ऋतुराज त्यानंतरही चार किलोमीटर "चला काका" म्हणत राहिला होता, गाडी दरीत जाऊ नये म्हणून.

गारगोटीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ऋतुराजला बाजूला घेऊन सांगितलं, की झटका मोठा होता, पण अर्धा-पाऊण तास आधी हाती लागले असते तर प्रयत्न करता आला असता. ऋतुराजनं हे वाक्य सरांच्या घरी कुणाला सांगितलं नाही. आकारामला मात्र तो बाहेरच्या बाकावर बसून सांगून गेला, आणि वर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमी व्हतासा म्हणून जंगलात गाडी तरी चालू झाली."

पुढं सगळीकडं हेच झालं. सरांच्या शोकसभेत ऋतुराज बोलायला उभा राहिला आणि आकारामकाकांनी जंगलात एकट्यानं इंजिन कसं जिवंत केलं ते त्यानं सांगितलं. लोकांनी माना वळवून बघितलं. कुणी येऊन हात हातात घेतले. आकाराम खाली बघत बसला. घरी आल्यावर तो जेवला नाही, त्या रात्रीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. गॅरेजला जायचा, पाना हातात घेऊन बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की उद्या या म्हणायचा.

आक्काताईनं तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी ती त्याच्यासमोर बसली.

"काय झालंतं तितं?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीच बोलाय पायजे व्हतं सरास्नी. तुमी गप बस म्हणलासा आनि मी बसलो."

महिनाभरानं कालिंदीवहिनींचा निरोप आला, घरी येऊन जा. आकाराम गेला. जीप अंगणात उभी होती, वर ताडपत्री घातलेली. वहिनींनी चहा दिला. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या आणि स्पष्ट.

"भावजी, जीप तुम्ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "सईला ती नको आहे आणि मला विकायची नाही. ह्यांच्यासाठी तुम्ही त्या दिवशी जे केलंत, त्याची फेड नाही. पण ती तुमच्याकडं असली तर मला बरं वाटेल."

आकारामनं कप खाली ठेवला.

"वहिनी, एअर न्हवती धरली," तो म्हणाला.

नाकापासून सुरुवात करून त्यानं सांगितलं. दोन हिरवे कॅन, गार पडलेली बोटं, ऋतुराजनं विचारलेलं आणि आपण "व्हय" म्हटलेलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की आकारामला तिकडं बघवेना.

"का सांगितलंत मला हे?" शेवटी त्या म्हणाल्या.

"ऱ्हावंना वहिनी."

"तुम्हाला राहवेना." त्या उठून उभ्या राहिल्या. "महिनाभर मी स्वतःची समजूत घालतेय की वेळ आली होती, कुणाच्या हातात नव्हतं. तेवढ्यावर झोपत होते मी. आता तुम्ही मोकळे झालात. मी काय करू?"

आपण ओझं उतरवायला आलो आणि ते ह्या बाईच्या डोक्यावर ठेवून चाललो, हे त्याला तिथं बसल्या बसल्या पहिल्यांदा उमगलं. तो हात जोडून उठला.

"जीप न्या," मागून वहिनींचा आवाज आला. "माझ्या दारात नको आता ती."

तो जीप घेऊन गेला आणि गॅरेजच्या मागच्या बाजूला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं ऋतुराजला बोलावलं. ऋतुराज ऐकता ऐकता खाली बसला. तो चिडेल, मारायला उठेल असं आकारामला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "काका, सर मला दोनदा म्हणलेते. नव्या कॅनला पट्टा मार, तांबडा मार. दुकानात रंगाचे डबे ढिगानं पडल्यात माज्या." मग तो लहान पोरासारखा रडला. त्यानंतरही तो येत राहिला, पण पूर्वीसारखं त्याच्यात आणि आकारामच्यात बोलणं उरलं नाही.

गिऱ्हाइकांना आकाराम आता सरळ सांगतो, "मला वास येत न्हाय, बाटली दुसरीकडं दाखवा." काहींना तो थट्टा करतोय असं वाटतं. काही गाड्या दुसऱ्या गॅरेजला गेल्या. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता एक दिवस भर दुपारी कालिंदीवहिनी गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आकाराम एका टेंपोखाली होता. तो हात पुसत बाहेर आला, स्टूल झटकून पुढं केलं. त्या बसल्या.

"तुम्ही त्या दिवशी सगळं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण त्या पाऊण तासात ते तुमच्याशी काय बोलले, ते नाही सांगितलं. ऋतुराज तिथं नव्हता म्हणे. तुम्ही एकटेच होतात."

आकारामनं ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. सर आपल्यासाठी खोटं बोलले, हे सांगणं म्हणजे पुन्हा स्वतःलाच उजवं ठरवणं, असं त्याला वाटलं होतं. आता त्यानं शब्द न् शब्द सांगितला. पातेलं लांब नेऊन ओत म्हणाले ते. जेवायला थांबू नको म्हणाले ते. सईची परीक्षा, हुरडा, आणि ऋतुराजला दिलेलं उत्तर.

हुरड्याचं ऐकून वहिनींना हसू फुटलं आणि त्याच हसण्यात त्या रडायला लागल्या. आकाराम समोर उभा होता, हाताला ग्रीस होतं, डोळे पुसायचीही सोय नव्हती. शेजारच्या चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले ते तसेच गार झाले.

"त्यांना कळलं होतं तर," वहिनी म्हणाल्या.

"व्हय."

"रागावले नाहीत?"

"न्हाय वहिनी."

"मी रागावलेय," त्या म्हणाल्या. "माझा राग जाईल असं मला वाटत नाही. ते तुमचे मित्र होते, त्यांनी त्यांचं केलं. माझं मला बघावं लागेल."

"व्हय, वहिनी."

त्या उठल्या. तो रिक्षा बघायला पुढं झाला तर हातानंच नको म्हणाल्या आणि मिरजकर तिकटीच्या दिशेनं चालत गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. दिवाळीला मात्र सई फराळाचा डबा घेऊन आकारामच्या घरी आली. आत आली नाही, दारातच "आईनं दिलाय" एवढं म्हणाली आणि गेली. आक्काताईनं डबा रिकामा करून घासला, त्यात गावाकडचा गूळ भरला आणि ओट्यावर ठेवला. दोन दिवस तो तिथंच होता. तो परत द्यायला कोण जाणार, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि डबा घेऊन तो वहिनींकडं निघाला.